सॉफ्टवेअरवाल्यांनी मागाकडून घेतलेला धडा

कॉम्प्युटरची दुनिया वेगळी आणि मागाची दुनिया वेगळी, असा समज आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांत आहे. आम्हांला तो मान्य नाही.

सॉफ्टवेअर कंपन्यांत आज ‘अजाइल’ पद्धतीचा बोलबाला आहे. काम थोडे थोडे करावयाचे, लगेच गिऱ्हाइकाला दाखवावयाचे व चूक तिथल्या तिथे सुधारावयाची, ही तिची रीत. तिचा जाहीरनामा फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात स्नोबर्ड येथे १७ जाणकारांनी तयार केला. मात्र तिची मुळे जुनी आहेत. १९८६ मध्ये ताकेउची व नोनाका या जपानी अभ्यासकांनी होंडा, कॅनन अशा कंपन्यांत नवा माल कसा तयार होतो यावर लेख लिहिला आणि एकजुटीने काम करणाऱ्या गटाला रग्बी खेळाची उपमा दिली. ‘स्क्रम’ हे नाव तेथूनच आले. दुसरे मूळ टोयोटाच्या कारखान्यात आहे, आणि टोयोटाचे मूळ मागात आहे.

साकिची टोयोडा हे सुताराचे चिरंजीव. १९२४ च्या त्यांच्या स्वयंचलित मागावर ताण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. खराब कापड पुढे विणले जात नसे व एक कारागीर अनेक माग सांभाळी. १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने या मागाचे हक्क विकत घेतले. पुढे टोयोडांच्या कापड गिरणीतून मोटार कंपनीत गेलेले ताइइची ओनो यांनी हाच धडा मोटारीला लावला. दोष दिसताच कामगाराने काम थांबवावे आणि लागेल तेवढाच माल, लागेल तेव्हा बनवावा.

आता आपल्याकडे पाहा. साध्या यंत्रमागावर धागा तुटला तरी पुष्कळदा माग चालूच राहतो. दोष कळतो तो ताका तपासताना, आणि मजुरी कापली जाते कारागिराची. आमच्या मते हा इन्साफ नव्हे. मजुरी मीटरवर मिळत असेल तर माग थांबविणारा आपलीच रोजी कमी करतो. मग तो कशाला थांबवील?

मालक बांधवांनी दोषासाठी माग थांबविणाऱ्याची मजुरी कापू नये, उलट तेवढा वेळ भरून द्यावा. खराब ताक्याच्या नुकसानीपेक्षा हा सौदा स्वस्त आहे. नवा माल काढताना शंभर ताक्यांआधी दोन ताके गिऱ्हाइकाला दाखवावेत. नव्या यंत्रांना भांडवल लागते, या शिस्तीला मालकाची नियत लागते.

आपल्या मुलांनी कॉम्प्युटर जरूर शिकावा. पण बापाच्या हुन्नराची शरम बाळगू नये.