तडा जाण्याआधी

वाळूजला 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि भोवती सुट्या भागांचे मोठे जग उभे राहिले. सस्पेन्शन, ब्रेक, ॲल्युमिनियमचे ओतीव भाग. यातला एखादा तुटलाच तर कुठे तुटेल?

संगणक त्या भागाचे हजारो छोटे तुकडे कल्पून प्रत्येकावरचा ताण काढतो. या पद्धतीला ‘फायनाइट एलिमेंट’ हे नाव रे क्लफ यांनी 1960 मध्ये दिले.

मात्र धातूची माहिती चुकली, तर पडद्यावरचे रंगीत चित्रही चुकते. ठरावीक मर्यादेखालचा ताण पोलाद सहसा दीर्घकाळ सोसते. ॲल्युमिनियमला अशी स्पष्ट मर्यादा नाही, वारंवारच्या हादऱ्यांनी त्यात भेग वाढू शकते. म्हणूनच या परिसरातल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सॉफ्टवेअरइतकाच वेळ नमुने ओढून तोडणाऱ्या यंत्रापाशी मिळायला हवा.