देवदूत कसला? दोन पदव्यांचा डॉक्टर!

मागच्या महिन्यात विहारातल्या आमच्या अभ्यासवर्गाला एक पोरगा 'स्लेयर' लिहिलेला काळा टी-शर्ट घालून आला. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी त्याला सगळ्यांसमोर झापले, "नाझींची गाणी ऐकतोस आणि बाबासाहेबांचे नाव घेतोस?" पोरगा उठून गेला. पुढच्या रविवारी फिरकला नाही. म्हणून हा लेख.

वाद ज्या गाण्यावरून झाला ते 'एंजल ऑफ डेथ', म्हणजे मृत्यूचा देवदूत. स्लेयर या अमेरिकन थ्रॅश मेटल बँडच्या १९८६ च्या 'रेन इन ब्लड' अल्बममधले पहिलेच गाणे. विषय ऑशविट्झच्या छळछावणीतला डॉक्टर जोसेफ मेंगेले आणि त्याने जिवंत माणसांवर केलेले प्रयोग. वर्णन इतके थेट की कोलंबिया कंपनीने अल्बमचे वितरण नाकारले आणि तो शेवटी गेफेनने बाजारात आणला. बँडवर नाझीप्रेमाचा आरोप झाला. गीतकार जेफ हॅनेमनचे उत्तर साधे होते : मेंगेले वाईट होता हे वेगळे सांगायला कशाला हवे? अल्बमचा निर्माता रिक रूबिन ज्यू, गायक टॉम अराया चिलीत जन्मलेला. (अर्थात जन्मावरून कोणी निर्दोष ठरत नाही, हे आपल्याला कोणी शिकवू नये.)

क्रौर्याचे वर्णन म्हणजे क्रौर्याचे समर्थन, हा आरोप आम्हाला मान्य नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ मध्ये आला तेव्हा त्यातली भाषा वाचून पांढरपेशांनी नाके मुरडली होती. तीच नाके आज आपल्या माणसांनी मुरडावीत?

पण म्हणून गाणे निर्दोष ठरत नाही. आमचा आक्षेप वेगळाच आहे आणि तो शीर्षकापासून सुरू होतो. हे नाव बँडने शोधलेले नाही, मेंगेलेला ते आधीच चिकटलेले होते. पण तो देवदूत नव्हता, सैतानही नव्हता. १९३५ साली म्युनिक विद्यापीठाने त्याला मानववंशशास्त्रातली डॉक्टरेट दिली. प्रबंधाचा विषय होता वेगवेगळ्या वंशांच्या माणसांचा खालचा जबडा! १९३८ मध्ये फ्रँकफर्टहून वैद्यकातली डॉक्टरेट. १९४३ साली तो ऑशविट्झला पोचला तो हे शिक्षण घेऊन. सैतान म्हटले की हे विद्यापीठ सुटते, परीक्षक सुटतात, मोजपट्टी सुटते.

मोजपट्टी आपल्याकडेही फिरली आहे. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने नाकांची मापे घेऊन जातींची वांशिक उतरंड मांडली. बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स'मध्ये नाकांचीच मापे समोर ठेवून दाखवले की ब्राह्मण आणि अस्पृश्य हे वेगवेगळे वंश नाहीत. शत्रूचे हत्यार त्यांनी असे हातातून काढून घेतले. क्रौर्याच्या मुळाशी जाणे म्हणतात ते हे. गाणे तिथवर जात नाही.

दुसरी गोष्ट अधिक बोचते. गाण्यात मारणाऱ्याला नाव आहे, मरणाऱ्याला नाही. ईव्हा मोझेस आणि मिरियम या जुळ्या बहिणी १९४४ मध्ये दहा वर्षांच्या असताना मेंगेलेच्या हाती सापडल्या. दोघी वाचल्या. ईव्हा कोर या नावाने पुढे अमेरिकेत राहिलेल्या या बाईंनी १९८४ मध्ये, म्हणजे गाण्याच्या दोन वर्षे आधी, वाचलेल्या जुळ्यांना शोधण्यासाठी 'कँडल्स' ही संस्था काढली. जुळी जिवंत होती, बोलत होती. गाण्यात मात्र त्यांची नुसती शरीरे उरली. मेंगेले तर खटला न चालताच १९७९ मध्ये ब्राझीलच्या समुद्रात पोहताना मेला!

आणि आपण काय करतो? अत्याचाराची बातमी आली की मृतदेहाचा फोटो तासाभरात शंभर ग्रुपवर फिरतो. ती मुलगी कितवीत होती, घरी कोण उरले, अॅट्रॉसिटीचे कलम लागले की नाही, साक्षीदारांना गावात कोण धमकावतेय, हे विचारले की ग्रुप गप्प. टी-शर्टवर बोट ठेवणाऱ्या ज्येष्ठांच्या मोबाइलवरूनही असे फोटो आम्हाला आलेले आहेत. आम्हीही एकेकाळी ते पुढे ढकलले आहेत, खोटे कशाला बोला.

परवा त्या पोराच्या घरी जाऊन आलो. रविवारी ये म्हटले, टी-शर्ट घालूनच ये. ईव्हा कोर यांच्यावर पंधरा मिनिटे तोच बोलणार आहे. ज्येष्ठांनाही निरोप दिला आहे.