हाताच्या ऑपरेशननंतरची पहिली रात्र

दबलेली नस मोकळी करणे, अडकणारे बोट सोडवणे अशा छोट्या ऑपरेशननंतर रुग्ण त्याच दिवशी घरी येतो. मालेगावचा यंत्रमाग कामगार असो की जुन्या नाशकात शिलाई करणारी आपली बहीण, दवाखान्यातून निघताना दोघेही खूश असतात. हात मुळीच दुखत नसतो. गोळ्या पिशवीतच राहतात आणि मध्यरात्री अख्खे घर जागे होते.

याचे कारण साधे आहे. हात बधिर करण्यासाठी काखेत किंवा मानेजवळ दिलेल्या इंजेक्शनचा असर बहुधा ६ ते १२ तास, कधी त्याहून जास्त टिकतो. तो उतरताना कळ एकदम उठते. गोळी लागू पडायला मात्र अर्धा-पाऊण तास लागतो. म्हणून डॉक्टरांनी दिलेली पहिली गोळी कळ येण्याआधीच, थोडे खाऊन घ्या. बोटांना मुंग्या येऊ लागल्या की अजिबात थांबू नका. पहिले दोन दिवस गोळ्या घड्याळ पाहून, ठरल्या वेळी द्या. मालेगावला जायचे असेल तर औषधे नाशकातच घेऊन गाडीत बसा.

पॅरासिटामॉल २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा जास्त कधीच नको. यकृताचा त्रास किंवा वजन कमी असेल तर मर्यादा त्याहून कमी, ती डॉक्टरांना विचारा. दुखण्याच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, म्हणून घरातली दुसरी गोळी वरून देऊ नका. मूत्रपिंडाचा विकार, अल्सर, दमा, गर्भारपण किंवा रक्त पातळ करणारी औषधे असतील तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत.

अर्धे काम उशी करते. हात छातीपेक्षा उंच ठेवा, म्हणजे सूज आणि ठणका कमी होतो. बधिर हात झोळीत ठेवा आणि चहा, तवा, शेगडीपासून दूर ठेवा, कारण भाजले तरी कळत नाही. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर मोकळी बोटे दर तासाला हलवा.

वुजूचे पाणी पट्टीत जाऊ देऊ नका. पट्टीवर मसह करण्याची सवलत दीनमध्ये आहे. त्याची पद्धत आपल्या आलिमांना विचारून घ्या.

अनेक अम्मी ‘सब्र करते, गोळी नको’ म्हणतात. पण इलाज करून घेण्याची शिकवण खुद्द नबी करीम (स.) यांनी दिली आहे. शिवाय दुखणाऱ्या हाताची बोटे कोणी हलवत नाही आणि न हलवलेली बोटे आखडतात. मग महिनाभराने सुई धरणेही जड जाते.

गोळी घेऊनही कळ वाढतच गेली, बोटे निळी किंवा थंड पडली, उतरलेला बधिरपणा परत आला, पट्टी काचू लागली, रक्त थांबेना, ताप आला किंवा पू दिसला तर सकाळची वाट पाहू नका. त्याच रात्री डॉक्टरांना फोन करा. फोन लागला नाही तर जवळचे रुग्णालय गाठा.