परसबाग : आधी खत की आधी बी?

उन्हाळा सरत आला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय पालटतो. मोगरा आणि गुलाब मागे पडतात व अंगणातील हिरवळीचे प्रश्न पुढे येतात. यंदा अनेक पत्रांत एकच पृच्छा आहे. हिरवळ विरळ झाली असून मधून मधून माती दिसते. तीत नवे बी पेरावयाचे आहे आणि खतही द्यावयाचे आहे. तर आधी काय करावे? दोन्ही एकाच दिवशी उरकले तर चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर आम्ही स्वतःच्या अंगणात, नुकसान सोसून शिकलो आहोत. म्हणून आधी तीच हकीकत सांगतो.

आमचे घर इंदुरातले, अंगण काळ्या मातीचे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात घरी मुंज झाली. मांडव हिरवळीवरच पडला. चार दिवसांनी तो उतरला, तेव्हा हिरवळीची पार दैना झालेली होती. आचाऱ्यांनी चुली मांडल्या होत्या ती जागा तर करपून काळी पडली होती. आता ही हिरवळ म्हणजे हरळी, आणि हरळी म्हणजेच दूर्वा. गणेशचतुर्थीला आई याच अंगणातल्या दूर्वा खुडते. बाजारातली जुडी तिने कधी आणलेली नाही. आम्ही तिला मोठ्या विश्वासाने सांगितले, "चतुर्थीपर्यंत अंगण होते तसे हिरवे करून देऊ."

या घाईनेच घात केला. मृगाची पहिली सर पडताच आम्ही हरळीचे बी फेकले आणि त्याच संध्याकाळी वरून मूठमूठ युरियाही शिंपडला. आठवड्याभरात कडेची जुनी हरळी तरारली. आम्ही खूष झालो. परंतु उघड्या जागेत बी काही वर आले नाही. तेथे उगवला तो लव्हाळा. त्या चतुर्थीला दूर्वांची जुडी बाजारातून आली. आई काही बोलली नाही. जुडी ताम्हनात ठेवताना तिने एकवार अंगणाकडे पाहिले, इतकेच.

चूक कोठे झाली, ते पाहू. हरळीचे बी इतके बारीक की एका ग्रॅममध्ये तीन-चार हजार दाणे सहज भरतात. असा दाणा रुजतो तो स्वतःजवळच्या शिदोरीवर; पहिल्या दिवसांत त्याला ओल, ऊब आणि उजेड पुरेसा असतो. युरियात ४६ टक्के नत्र असते. ओल्या मातीत पडताच त्याचा अमोनिया होऊ लागतो आणि तो कोवळ्या कोंबाला जाळतो. हल्लीचा युरिया निंबोळीच्या तेलाचे लेपन केलेला असतो हे खरे. परंतु त्या लेपनाने अमोनियाचे पुढे नायट्रेट होण्याचा वेग मंदावतो, अमोनिया होणे थांबत नाही.

दुसरी गोष्ट, नत्र पडले की ज्याची मुळे तयार असतात तो ते आधी उचलतो. येथे ती तयारी जुन्या हरळीची व तणांची होती. त्यांनी पोटभर जेवून घेतले, उंची वाढवली आणि खालच्या अंकुरांवर सावली धरली. सारांश, बी उपाशी मेले नाही; ताट अवेळी वाढल्यामुळे मेले. तान्ह्या मुलाचेही उष्टावण सहाव्या महिन्यात करतात, बारशाच्या दिवशी कोणी त्याला पुरणपोळी भरवीत नाही.

मग सगळेच खत मागाहून द्यावे काय? तसेही नाही. नत्र पाण्याबरोबर खाली उतरते. स्फुरद मात्र जेथे पडते तेथेच बव्हंशी राहते. नव्या मुळांना तर स्फुरदाची गरज प्रारंभीच असते. म्हणून ते पेरणीपूर्वी मातीत मिसळलेले असावे. एवढा भेद ध्यानात ठेवला की क्रम आपोआप लागतो. स्फुरद आणि शेणखत आधी, बी मध्ये, नत्र शेवटी.

पुढल्या वर्षी आम्ही याच क्रमाने चाललो. मेअखेर लव्हाळा गाठींसकट खणून काढला. तणनाशक वापरले नाही, कारण त्यातील काही औषधांचा अंश मातीत राहून नव्या बियांनाही बाधतो. चुलींच्या जागेची राख व तेलकट माती खरडून तेथे पोयटा भरला. नंतर हिरवळ बारीक कापली, वाळलेला काडीकचरा दाताळ्याने ओढून काढला आणि काट्याने जमीन टोचून मोकळी केली. बी मातीला टेकले पाहिजे, काडीवर अडकलेले बी रुजत नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात. त्या वाळू व पोयटा मिसळून बुजवल्या, नाहीतर बी थेट पाताळात जाते.

मग एका चौरस मीटरला ३० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट चाळलेल्या जुन्या शेणखतात मिसळून पातळ पसरले व दाताळ्याने मातीत कालवले. शेणखतासोबत दिलेले स्फुरद मातीत कमी अडकून बसते. शेणखत पुरते कुजलेले हवे. कच्चे असेल तर त्यातून तणाचे बी आणि हुमणी अंगणात येते.

पाऊस नीट बसल्यावर, आर्द्रा लागता लागता, पेरणी केली. विरळ हिरवळीला चौरस मीटरमागे ३ ते ५ ग्रॅम बी पुष्कळ होते. ते चौपट बारीक वाळूत मिसळून अर्धे उभे व अर्धे आडवे फेकले, वर चाळलेल्या मातीचा नुसता हात फिरवला. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा खोल गेलेले बी वर येण्याची आशा थोडी. कोंब दहा ते एकवीस दिवसांत दिसतात. तोवर पावसाने उघडीप दिली की झारीने दिवसातून दोन-तीनदा हलके पाणी द्यावे.

युरियाला हात लावला तो दुसऱ्या कापणीनंतर, म्हणजे जवळजवळ सहा आठवड्यांनी. तोही चौरस मीटरला ५ ग्रॅमच, पाने कोरडी असताना, आणि लगेच पाणी देऊन. तितकाच पुढे महिन्याने. कापताना एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक कापू नये.

आमचे वाचक दूरदूर विखुरलेले आहेत. क्रम सर्वांना एकच, वेळ मात्र आपापल्या पावसाची. ग्वाल्हेरीस पाऊस उशिरा येतो, तेथे आषाढाची वाट पाहावी. हैदराबादच्या तांबड्या मुरमाड जमिनीत ओल टिकत नाही, म्हणून शेणखताचा हात सढळ ठेवावा. गोवा व बेळगावकडे मुसळधार पावसात बी आणि नत्र दोन्ही वाहून जातात; तेथे पाण्याची सोय असल्यास पेरणी पावसाआधी पुरेशी लवकर करावी, नाहीतर पाऊस ओसरल्यावर. जागा हातभरच असेल तर बियांच्या वाटेला जाऊच नये. हरळीच्या काश्या वीतभर अंतरावर डोबाव्या. खताचा क्रम तोच.

ग्वाल्हेर-इंदुराकडे थंडीत हरळी पिवळी पडते, तेव्हा काहीजण ऑक्टोबरात तीत राय-गवत पेरतात. तेथेही हाच न्याय लागू आहे. पेरणीच्या आधी महिनाभर नत्र बंद ठेवावे, म्हणजे जुनी हरळी नव्या रोपांशी झगडणार नाही. राय-गवत उगवून आले की मग द्यावे. मात्र उन्हाळा तापू लागताच ते मरते. खर्च सोसत नसेल तर पिवळी हरळी तशीच राहू द्यावी. ती मेलेली नसते, निजलेली असते.

त्या वर्षी चतुर्थीच्या सकाळी आई परडी घेऊन अंगणात उतरली. कडेची दाट हरळी सोडून ती सरळ चुलींच्या जागेवर जाऊन बसली आणि तीन-तीन दलांच्या दूर्वा खुडू लागली. एकवीस झाल्यावर म्हणाली, "या कोवळ्या आहेत." आम्हाला तेवढे पुरे झाले.