खुर्ची सोडण्याचे धैर्य

सुट्टी लागली की ठिकठिकाणी नेतृत्व शिबिरांचे फलक झळकू लागतात. व्यासपीठावर कसे उभे राहावे, सभा कशी जिंकावी, लोकांवर छाप कशी पाडावी, हे तेथे तरुणांना शिकविले जाते. या शिक्षणाला आमचा विरोध नाही. परंतु यालाच नेतृत्व म्हणावयाचे असेल, तर मात्र आमचा स्पष्ट मतभेद आहे. नेत्याची पारख त्याच्या भाषणावरून होत नसते. इतरांना घालून दिलेला नियम तो स्वतःला लावतो काय आणि वेळ येताच खुर्ची सोडतो काय, हेच पाहावयाचे असते.

आफ्रिकेतील टांझानियाचे कॅथलिक राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे हे मूळचे शिक्षक. जनता त्यांना ‘म्वालिमू’ म्हणजे ‘गुरुजी’ म्हणे. ९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला आणि अवघ्या सहा आठवड्यांत त्यांनी पंतप्रधानपद सोडले, ते खेडोपाडी जाऊन पक्ष बांधण्यासाठी. १९६२ च्या अखेरीस ते राष्ट्राध्यक्ष झाले. १९६७ च्या अरुशा घोषणेत त्यांनी नेत्यांना बंधने घातली : कंपन्यांचे भाग बाळगू नयेत, संचालकपद घेऊ नये, दोन पगार घेऊ नयेत, घरे भाड्याने देऊन कमाई करू नये. भारत सरकारचा पहिला गांधी शांतता पुरस्कार १९९५ साली त्यांनाच मिळाला.

कोणी म्हणेल, त्यांचा कारभार तरी कोठे निर्दोष होता? नव्हताच. १९६५ पासून देशात एकच पक्ष उरला. विनाचौकशी स्थानबद्धतेचा कायदा होता. सत्तरीच्या दशकात लाखो शेतकऱ्यांना बळजबरीने नव्या वसाहतींत हलविण्यात आले आणि शेतीची घडी विस्कटली. सज्जन माणसालाही ‘आपण चुकत आहात’ असे सांगणारे कोणी उरले नाही, की असेच घडते. तथापि १९८५ मध्ये, कोणी हाकलले नसताना, त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडले. पक्षाचे अध्यक्षपद १९९० पर्यंत राखले, हेही सांगितले पाहिजे. पुढे ते बुटियामा या आपल्या गावी राहिले.

आता आपल्या अंगणात पाहू. धर्मग्रामातील मंडळे, पतपेढ्या, संघ यांच्या नियमांत मुदत लिहिलेली असते; पण कित्येक ठिकाणी खुर्चीवरचा माणूस वर्षानुवर्षे तोच. विचारावे तर उत्तर तयार : “आमच्यानंतर सांभाळणार कोण?” बंधूंनो, हे उत्तर नव्हे, कबुलीजबाब आहे! इतक्या वर्षांत एकही माणूस तयार झाला नसेल, तर आपण केले काय? ज्या तरुणांना आपण केवळ वर्धापनदिनी खुर्च्या मांडावयास बोलाविले, ते आज सभेला फिरकत नाहीत, याचे नवल कसले?

दोष एकट्या पुढाऱ्यांचा नाही. अहवाल न वाचता हात वर करणारे, ‘बिनविरोध’ म्हणून टाळ्या वाजविणारे आणि चहा घेऊन घरी जाणारे आम्हीच आहोत. येत्या वार्षिक सभेत प्रत्येक कुटुंबाने तीन प्रश्न उभे राहून विचारावेत : हिशेब कोठे आहे? हाताखाली कोणाला तयार करीत आहात? आणि पद कधी सोडणार? या प्रश्नांचा ज्याला राग येईल, त्याला पुन्हा निवडून देऊ नये.