भाड्याने कोंबड्या: महागड्या अंड्यांवरचा अमेरिकी उपाय खरंच परवडतो का?

घर भाड्याने मिळतं, गाडी मिळते, लग्नासाठी शेरवानीसुद्धा मिळते. अमेरिकेत अंडी देणाऱ्या कोंबड्याही भाड्याने मिळतात, तेही खुराड्यासकट. २०२५ च्या सुरुवातीला तिथे अंडी महागली आणि या धंद्याच्या बातम्या जगभर फिरल्या. 'अंडी परवडेनात, म्हणून लोक कोंबड्या भाड्याने घेतायत' असा बहुतेक बातम्यांचा सूर होता. पण हिशेब करून पाहिला तर गणित तसं जुळत नाही.

अंडी एवढी महागली कशामुळे?

अमेरिकेत फेब्रुवारी २०२२ पासून बर्ड फ्लूची (एच५एन१) साथ सुरू आहे. तिथल्या एकेका पोल्ट्रीत दहा-दहा लाख कोंबड्या असतात. एका कोंबडीला लागण झाली की सगळाच कळप मारावा लागतो. नवी पिल्लं आणली तरी ती अंड्यावर यायला साडेचार-पाच महिने जातात. त्यामुळे एकदा पुरवठा तुटला की तो पटकन सावरत नाही.

सरकारी आकडेवारीनुसार जानेवारी २०२२ मध्ये डझनभर अंडी सरासरी दोन डॉलरच्या आत मिळत होती. मार्च २०२५ मध्ये हाच दर ६.२३ डॉलर झाला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने पाचशे रुपयांच्या वर. तो विक्रम होता. त्याच सुमारास कृषिमंत्री ब्रुक रोलिन्स यांनी परसात कोंबड्या पाळण्याची कल्पना उचलून धरली. त्यांच्यावर टीका झाली, थट्टाही झाली.

भाड्यात काय काय मिळतं?

या धंद्यातलं ओळखीचं नाव म्हणजे 'रेंट द चिकन'. पेनसिल्व्हेनियातल्या एका जोडप्याने २०१३ मध्ये तो सुरू केला. आता अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक ठिकाणचे शेतकरी त्यांच्याशी जोडले गेले आहेत. वसंतात शेतकरी घरी येतो. दोन अंड्यावरच्या कोंबड्या, उचलून हलवता येईल असं खुराडं, खाद्य, पाण्याची भांडी असं सगळं मांडून देतो आणि निगा कशी राखायची तेही शिकवतो. थंडी पडण्याआधी येऊन सगळं परत घेऊन जातो. भाडं भागानुसार बदलतं, पण पाच-सहा महिन्यांचे साधारण ५०० डॉलर किंवा त्याहून थोडे जास्त धरून चाला.

आता गणित

दोन कोंबड्या आठवड्याला ८ ते १४ अंडी देतात. सहा महिन्यांत ही अंडी होतात साधारण २०८ ते ३६४, म्हणजे १७ ते ३० डझन. भाडं ५०० डॉलर धरलं तरी एक डझन पडतं १६ ते २९ डॉलरना. दुकानातल्या विक्रमी दराच्याही अडीच ते साडेचार पट! शिवाय चार माणसांच्या अमेरिकी कुटुंबाला आठवड्याला वीसेक अंडी लागतात, त्यामुळे दुकानात जाणं काही टळत नाही.

मग लोक पैसे का मोजतात? कारण ते अंड्यांचे नसतातच. कोंबड्या विकत घेणं सोपं असतं, अडचण पुढे येते. दिवस लहान झाले की अंडी कमी होतात. उत्तरेकडच्या हिवाळ्यात पाणी गोठतं. दोन-तीन वर्षांनी अंडी घटतात, पण कोंबडी त्यानंतरही काही वर्षं जगते. गावाकडे त्या कोंबडीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. उपनगरातल्या घरात मात्र मुलांनी तिचं नाव ठेवलेलं असतं, मग तिला कापणार कोण? भाड्याच्या व्यवस्थेत हा प्रश्न शेतकऱ्याच्या गळ्यात राहतो. 'आपल्याला हे जमेल का' हे आजमावून बघण्याची ही फी आहे, असं म्हटलं तर जास्त बरोबर ठरेल.

धोका कुणाच्या अंगणात?

बातम्यांमध्ये एक गोष्ट मागे पडली. ज्या रोगामुळे अंडी महागली, तो परसातल्या कोंबड्यांनाही होतो. उघड्यावरच्या कोंबड्यांचा तर वन्य पक्ष्यांशी, त्यांच्या विष्ठेशी थेट संबंध येऊ शकतो. जानेवारी २०२५ मध्ये लुइझियानात बर्ड फ्लूने एका रुग्णाचा मृत्यू झाला, अमेरिकेतला या विषाणूचा पहिलाच मानवी बळी. रुग्णाचं वय ६५ च्या वर होतं, आधीचे आजारही होते, आणि संपर्क आला होता परसातल्या कोंबड्या व वन्य पक्ष्यांशी. सर्वसामान्यांना असलेला धोका कमी आहे, असं आरोग्य यंत्रणांनी तेव्हाच सांगितलं. साल्मोनेलाचा धोका तर रोजचाच. म्हणून कोंबड्यांना कुरवाळू नका, त्यांचे मुके घेऊ नका, हात साबणाने धुवा, असं तिथली 'सीडीसी' वारंवार बजावते.

महाराष्ट्राला हा रोग नवा नाही. भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला होता. तेव्हा मोठ्या पोल्ट्र्यांबरोबर आसपासच्या घरांतल्या कोंबड्याही माराव्या लागल्या होत्या.

भाड्याने घेण्याआधी तिथे आणखी एक गोष्ट तपासावी लागते, ती म्हणजे शहराचे नियम. न्यूयॉर्क शहरात कोंबड्या पाळायला परवानगी आहे, कोंबड्याला नाही. बांगेमुळे शेजाऱ्यांची झोपमोड नको! अर्थात अंड्यांसाठी कोंबडा लागतही नाही.

दुकानातली अंडी पुढे स्वस्त झाली. जून २०२५ मध्ये डझनाचा सरासरी दर ३.७८ डॉलरवर आला होता. वसंतात भाड्याने गेलेल्या कोंबड्या तेव्हा अजून लोकांच्या अंगणातच होत्या.