न्यायासनाची पूर्वतयारी
अमेरिकेतील क्लेअरमॉन्ट इन्स्टिट्यूट ही परंपरावादी संस्था तरुण वकिलांना ‘जॉन मार्शल’ पाठ्यवृत्ती देऊन राज्यघटनेच्या आपल्या अन्वयार्थाची दीक्षा देते. याला केवळ विद्याव्यासंग मानणे भाबडेपणाचे ठरेल. १९८२ साली कायद्याच्या विद्यार्थ्यांनी स्थापलेल्या फेडरॅलिस्ट सोसायटीच्या वर्तुळातूनच तेथील सर्वोच्च न्यायालयातले परंपरावादी बहुमत घडले. त्या बहुमताने २०१८ च्या ‘जेनस’ निकालात, सरकारी कर्मचारी संघटनांनी सभासद नसलेल्यांकडून सक्तीने शुल्क घेणे घटनाबाह्य ठरविले. १९७७ पासूनचा दंडक मोडीत निघाला. प्रतिपक्षाच्या चिकाटीला नावे ठेवून भागणार नाही. कामगारांचे खटले विनामूल्य लढविणारे तरुण वकील आपल्याही चळवळीत आहेत. त्यांच्या अभ्यासाची, निर्वाहाची तरतूद आपण कधी करणार?